नवे लेखक शोधायचे कुठे? विज्ञानकथा-फँटसीवर संशोधन करणाऱ्यांसाठी

पेट झाली, गाईड मिळाले, आता आरआरसीसमोर विषय मांडायचा आहे. या टप्प्यावरचे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात. ‘नवोदित लेखकांच्या विज्ञान-कादंबऱ्या आणि फँटसी’ असा काहीतरी विषय घेतला, तर पुस्तकं शोधायची कुठून? आसिमोव्ह, टॉल्किन, नारळीकर यांच्यावर काम करायचं तर यादी आधीच तयार असते. नव्या लेखकाचं तसं नाही. तो नवा आहे म्हणूनच अजून कुठल्या यादीत नाही.

मग बहुतेक जण काय करतात? पुरस्कारांच्या लघुयाद्या काढतात, गाजलेली आठ-दहा पुस्तकं निवडतात आणि प्रकरणं पाडायला घेतात. काम सोपं होतं, पण प्रबंधाचा विषय गुपचूप बदलतो. तुम्ही म्हणता, ‘नवे लेखक काय लिहितात’ ते मी तपासलं. प्रत्यक्षात तुम्ही तपासलेलं असतं, ‘परीक्षकांना नव्या लेखकांचं काय आवडतं’ ते. दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पण ते एकच नाहीत. व्हायवाला बाहेरचा परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतो.

म्हणून या लेखात यादी कशी करायची ते पाहू. पुस्तकं कोणती वाचावीत हे मी सांगणार नाही. नवं पुस्तक आपल्यापर्यंत कोणकोणत्या चाळण्यांतून येतं आणि त्या चाळण्यांचा हिशोब प्रबंधात कसा ठेवायचा, एवढंच.

आधी ‘नवा’ म्हणजे कोण ते ठरवा

‘नवोदित’ हा शब्द बोलताना कुणाला अडत नाही. यादी करायला बसलात की लगेच अडतो.

इंग्रजी विज्ञानकथेच्या जगातल्याच दोन व्याख्या बघा. ह्यूगो पुरस्कारांसोबत ‘अस्टाउंडिंग अवॉर्ड फॉर बेस्ट न्यू रायटर’ हा सन्मान दिला जातो. तो १९७३ पासून सुरू आहे आणि २०१९ पर्यंत जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जायचा. त्याच्या नियमानुसार व्यावसायिक पातळीवर पहिलं लेखन प्रसिद्ध झालं की घड्याळ सुरू होतं आणि पात्रता दोन वर्षं टिकते. पहिलं लेखन म्हणजे कथासुद्धा चालते. याउलट लोकस मासिकाचा ‘पहिली कादंबरी’ हा विभाग किंवा बाल्टिमोरचा कॉम्प्टन क्रुक पुरस्कार लेखकाच्या पहिल्या कादंबरीकडे पाहतात. आधी किती कथा लिहिल्या याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

यामुळे फरक किती पडतो? श्रीलंकेचे वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ ही पहिली कादंबरी २०२३ मध्ये आली. तिला नेब्युला मिळाला, क्रॉफर्ड मिळाला, लोकसचा पहिल्या कादंबरीचा पुरस्कारही मिळाला. पण त्याआधी कित्येक वर्षं ते मासिकांत कथा लिहीत होते. म्हणजे ‘पहिली कादंबरी’ या व्याख्येने ते २०२३ मध्ये अगदी नवे, आणि ‘पहिलं प्रकाशन’ या व्याख्येने केव्हाच जुने. तुमच्या यादीत ते येणार की नाही हे तुम्ही निवडलेल्या व्याख्येवर ठरतं.

दुसरी अडचण तारखेची. बंगळूरच्या लावण्या लक्ष्मीनारायण यांचं ‘ॲनालॉग/व्हर्च्युअल’ हे पुस्तक २०२० मध्ये भारतात आलं. तेच पुस्तक २०२३ मध्ये ब्रिटनमधून ‘द टेन पर्सेंट थीफ’ या नावाने निघालं आणि २०२४ च्या आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या लघुयादीत गेलं. समित बसू यांची ‘चोझन स्पिरिट्स’ (२०२०) पुढे अमेरिकेत ‘द सिटी इनसाइड’ झाली. तुम्ही फक्त परदेशी याद्यांवरून काम केलंत तर ही पुस्तकं दोन-तीन वर्षं उशिरा ‘जन्माला येतात’. समजा तुमचा मुद्दा असा आहे की कोविडनंतर पाळत ठेवणाऱ्या तंत्रज्ञानावरचं लेखन वाढलं. आता तारीख चुकली तर अख्खा युक्तिवादच कोलमडतो, कारण ही पुस्तकं कोविडच्या आधी लिहून झालेली असू शकतात.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात व्याख्या लिहा. उदाहरणार्थ : ‘लेखकाची पहिली कादंबरी, कुठल्याही देशात प्रथम प्रसिद्ध झाल्याचं वर्ष २०१५ ते २०२४, प्रकाशक कुणीही किंवा स्वतः लेखक.’ व्याख्या परिपूर्ण नसली तरी चालेल. ती लिहिलेली हवी आणि मधेच बदललेली नको.

पुस्तक येतं त्या वाटा आणि त्यावरचे पहारेकरी

आता वाटा बघू. प्रत्येक वाटेवर एक प्रश्न विचारायचा : इथे निवडतं कोण, आणि निवडताना गळतं काय?

*मासिकं.* इंग्रजीत नव्या लेखकाची पहिली ओळख बहुधा कथेतून होते. क्लार्क्सवर्ल्ड, स्ट्रेंज होरायझन्स, लाइटस्पीड, अनकॅनी यांच्याकडे कुणीही कथा पाठवू शकतं. कादंबरीकार शोधायचा असेल तर तीन-चार वर्षं आधीच्या मासिकांच्या अनुक्रमणिका वाचणं हा उत्तम उपाय आहे. पण ही वाटही निर्धोक नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला की क्लार्क्सवर्ल्डला काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं. अशा वेळी झळ कुणाला बसते? ज्याचं नाव संपादकाला माहीत आहे त्याला नाही. ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही त्याच्यासाठी दार बंद होतं. २०२३ च्या आसपासच्या नव्या लेखकांवर काम करणाऱ्याने ही गोष्ट नोंदवायलाच हवी.

*प्रकाशनगृहातला संपादक.* एका माणसाची आवड किती दूर पोहोचते याचं जुनं पण ठसठशीत उदाहरण म्हणजे टेरी कार. १९८४ मध्ये त्यांनी एस या प्रकाशनासाठी पहिल्या कादंबऱ्यांची एक मालिका चालवली. स्वस्त पेपरबॅक पुस्तकं होती ती. त्यात किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द वाइल्ड शोअर’ होती, ल्युशियस शेपर्ड यांची ‘ग्रीन आइज’ होती आणि विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ही. न्यूरोमॅन्सरने ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक असे तिन्ही पुरस्कार घेतले. सायबरपंकचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची नावं घेतो, पण त्या वर्षी नव्यांसाठी दार उघडं ठेवणारा एक संपादक होता, ही माहिती त्याच इतिहासाचा भाग आहे.

*पुरस्कार.* यादी करायला सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी वाट. पुरस्कारापर्यंत येणारं पुस्तक आधीच दोन-तीन चाळण्यांतून आलेलं असतं. त्यातही प्रत्येक पुरस्काराची तऱ्हा वेगळी. ह्यूगोला संमेलनाचे सदस्य मत देतात, नेब्युलाला लेखकांच्या संघटनेचे सदस्य, क्लार्क पुरस्काराला नेमलेले परीक्षक. तिन्ही याद्या एकत्र करताना ‘पुरस्कारप्राप्त’ असा एकच शिक्का मारू नका. कुणी निवडलं याचा वेगळा रकाना ठेवा.

*स्वतः छापलेली आणि वर्गणीतून उभी राहिलेली पुस्तकं.* बेकी चेंबर्स यांनी पहिली कादंबरी पूर्ण करण्यासाठी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले, २०१४ मध्ये ती स्वतः प्रसिद्ध केली आणि २०१५ मध्ये मोठ्या प्रकाशकाने घेतली. पुढे त्या मालिकेला २०१९ चा ह्यूगो मिळाला. अँडी वीअर यांची ‘द मार्शन’ आधी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने आली. ह्यू हॉवी यांचं ‘वुल’ २०११ मध्ये एका छोट्या ई-पुस्तकाच्या रूपात सुरू झालं.

ही तिन्ही उदाहरणं तुम्ही ऐकलेली असतील, आणि नेमकी तीच गोम आहे. ऐकलेली का? तर ती यशस्वी झाली म्हणून. त्याच वर्षी त्याच पद्धतीने पुस्तक काढून कुठेच न पोहोचलेल्या लेखकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ‘स्वयंप्रकाशनामुळे नव्या लेखकांना संधी मिळते’ हे वाक्य मार्शन आणि वुल यांच्या जोरावर लिहिणं म्हणजे मुंबईत येऊन स्टार झालेल्या दोन नटांवरून ‘मुंबईत आलं की माणूस स्टार होतो’ म्हणण्यासारखं आहे. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. टिकलेल्यांचाच हिशोब केला की टिकण्याचं कारण कधीच कळत नाही.

एक चाळणी उघडून बघू

बहुतेक चाळण्या बंद दाराआड चालतात. संपादकाने काय नाकारलं ते आपल्याला दिसत नाही. पण एक स्पर्धा अशी आहे जिची चाळणी उघड्यावर चालते, म्हणून पद्धत शिकायला ती फार उपयोगी पडते.

फँटसी लेखक मार्क लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये ‘सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ’ सुरू केली. रचना साधी. साधारण ३०० स्वयंप्रकाशित कादंबऱ्या येतात. त्या दहा परीक्षक गटांत वाटल्या जातात, म्हणजे प्रत्येकाकडे सुमारे ३०. प्रत्येक गट आपल्या ढिगातून एक पुस्तक पुढे पाठवतो. मग त्या दहा पुस्तकांना सगळे दहा गट वाचून गुण देतात आणि सरासरीने विजेता ठरतो. पुढे २०२१ मध्ये विज्ञानकथेसाठीही अशीच एक स्पर्धा सुरू झाली.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पुस्तकाला दहा मतं मिळतात. एखाद्याची आवड विचित्र असली तरी सरासरीत ती विरघळते. पहिल्या फेरीत मात्र पुस्तकाचं नशीब एकाच गटाच्या हातात असतं, आणि गळती तर तिथेच जास्त आहे : ३०० पैकी २९० पुस्तकं पहिल्याच फेरीत बाहेर. म्हणजे सर्वांत मोठा निर्णय सर्वांत कमी डोळ्यांनी होतो. समजा एका ढिगात दोन उत्तम पुस्तकं आली. त्यातलं एक जाणारच.

जोशाया बॅनक्रॉफ्ट यांची ‘सेनलिन असेंड्स’ याचं बोलकं उदाहरण आहे. २०१६ च्या स्पर्धेत ही कादंबरी अंतिम दहातही आली नाही. पण स्पर्धेच्या निमित्ताने ती लॉरेन्स यांच्या वाचनात आली, त्यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, वाचक वाढले आणि २०१८ मध्ये ऑर्बिट या मोठ्या प्रकाशनाने ती नव्याने काढली. तुमची यादी ‘अंतिम दहा’ वरून केली असती तर हे पुस्तक तुमच्या प्रबंधात नसतं. आणि ते वाचलं कशामुळे? एका प्रस्थापित लेखकाच्या शब्दामुळे. इतर २८९ पुस्तकांपैकी आणखी कुणाला तसा शब्द मिळायला हवा होता, हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी ढिगातली काही पुस्तकं उचलून वाचावी लागतात.

हाच मी सुचवेन तो उपाय. कुठल्याही चाळणीचा निकाल वापरताना, गळलेल्यांपैकी काही पुस्तकं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि वाचा. पाच वाचलीत तरी चालतील. विजेत्यांत दिसलेली गोष्ट गळलेल्यांतही दिसते का, हे तपासल्याशिवाय ‘नवं लेखन असं आहे’ म्हणू नका.

नाव झाकलं की प्रश्न सुटतो का?

इथे मराठीतला प्रसिद्ध किस्सा आठवायलाच हवा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक : नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. खऱ्या नावाने कथा पाठवली असती तर बक्षीस कथेला मिळालं की नावाला, ही शंका कायम राहिली असती. नाव झाकल्यामुळे ती मिटली.

शोधनिबंधांचं परीक्षण करताना लेखकाचं नाव झाकतात ते याच कारणासाठी. पण या किस्स्यातून आणखी एक गोष्ट शिकता येते. नाव झाकून केलेल्या निवडीत पहिला आला तो माणूस कोण? केंब्रिजमध्ये शिकलेला, कृष्णविवरांचं गणित हातच्या मळासारखं माहीत असलेला. यात कथेचा दोष नाही, स्पर्धेचाही नाही. पण नाव झाकल्याने नावाचा प्रभाव जातो, शिक्षणाचा आणि पुस्तकं हाताशी असण्याचा जात नाही. भाषेचं वळणही नाव झाकल्याने झाकलं जात नाही. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीने तिच्या बोलीत लिहिलेली भविष्यकथा नाव झाकूनही तिच्या भाषेमुळे ओळखू येते. एखाद्या स्पर्धेच्या निकालांवर तुम्ही काम करत असाल तर ‘परीक्षण निनावी होतं’ एवढं लिहून थांबू नका. कथा पाठवण्यापर्यंत कोण पोहोचलं होतं, हाही प्रश्न घ्या.

अजून किती पुस्तकं सुटली असतील?

‘यादी पूर्ण झाली का?’ या प्रश्नाला ‘वाटतं तरी तसं’ हे उत्तर चालत नाही. अंदाज काढायची एक सोपी रीत आहे. ती मत्स्यशास्त्रातून आली.

तळ्यात मासे किती हे मोजायचं आहे. १०० मासे पकडा, खूण करा, सोडून द्या. काही दिवसांनी पुन्हा १०० पकडा. त्यात खूण असलेले २० निघाले, म्हणजे पहिल्या खेपेला तुम्ही तळ्यातल्या माशांचा साधारण पाचवा हिस्सा पकडला होता. तर एकूण मासे सुमारे ५००.

पुस्तकांना हेच लावा. आकडे मी समजण्यासाठी घेतोय. पुरस्कारांवरून केलेल्या यादीत २४ कादंबऱ्या, मासिकांतल्या परीक्षणांवरून स्वतंत्रपणे केलेल्या यादीत ३०, दोन्हीत सामाईक १२. २४ गुणिले ३० भागिले १२, म्हणजे ६०. तुमच्या हातात वेगवेगळी पुस्तकं आहेत ४२ (२४ अधिक ३० वजा १२). म्हणजे निदान १८ सुटलेली असावीत.

‘निदान’ का म्हटलं? ही रीत असं धरून चालते की दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. पुस्तकांच्या बाबतीत तसं नसतं. ज्याचं परीक्षण येतं तेच पुरस्कारवाल्यांच्या नजरेत येतं. त्यामुळे सामाईक आकडा फुगतो, आणि भागाकारात तो खाली असल्यामुळे उत्तर लहान येतं. म्हणून ६० ही खालची मर्यादा समजायची. दुसरी यादी जितकी वेगळ्या वाटेने केलेली, उदाहरणार्थ पुरस्कारांच्या शेजारी वर्गणीतून निघालेली पुस्तकं, तितका अंदाज सुधारतो.

हा आकडा प्रबंधात लिहिला तर तुमची बाजू कमकुवत होत नाही. ‘मी ४२ वाचली, एकूण ६० हून जास्त असावीत आणि सुटलेली बहुधा अमुक प्रकारची आहेत’ असं सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर परीक्षकाचा विश्वास बसतो.

मराठीत काम करणार असाल तर

इंग्रजीसाठी आयएसएफडीबी नावाची विज्ञानकथा-फँटसीची मोठी सूची १९९५ पासून इंटरनेटवर आहे. कुठली कथा कुठल्या अंकात आली हे तिथे शोधता येतं. मराठी विज्ञानकथेसाठी त्या तोडीची सोय नाही. शं. ग. दाते यांची ग्रंथसूची हे थोर काम, पण ती १९५० ला थांबते. आणि मराठी विज्ञानकथेची खरी वाढ त्यानंतरची आहे. तीसुद्धा पुस्तकांत कमी आणि अंकांत जास्त.

म्हणून मराठीत नवा लेखक शोधायची पहिली जागा म्हणजे दिवाळी अंक. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी अद्भुत, गूढ आणि विज्ञानकथांना वर्षानुवर्षं जागा दिली. पण दिवाळी अंकाचं आयुष्य किती? डिसेंबरात लायब्ररीच्या रांगेत आणि पुढच्या वर्षी रद्दीत. एखाद्या लेखकाने पाच वर्षं चांगल्या कथा लिहिल्या आणि संग्रह निघाला नाही, तर संशोधनाच्या दृष्टीने तो लेखक झालाच नाही. ही गळती कुठल्या परीक्षकाने केलेली नाही. नोंद न ठेवल्यामुळे झालेली आहे, आणि ती आपण थांबवू शकतो.

कसं? तीन कामं.

पहिलं, एक अंक आणि दहा वर्षं ठरवा. मोठ्या जुन्या ग्रंथालयांत बसून अनुक्रमणिकांचे फोटो काढा, परवानगी घेऊन. दुसरं, दर कथेची नोंद करा : लेखक, शीर्षक, अंक, वर्ष, पानं आणि लेखक त्या अंकात पहिल्यांदा दिसतो का. तिसरं, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते, त्यातलं एक मुंबईत आहे. तिथल्या नोंदींशी तुमच्या लेखकांची नावं ताडून बघा. कथा लिहिणाऱ्यांपैकी किती जणांचं पुस्तक निघालं आणि किती जणांचं नाही, हे कळेल. तो आकडा हाच एका चांगल्या शोधनिबंधाचा विषय आहे.

वहीत कोणते रकाने हवेत

साधी एक्सेल शीट पुरते. शीर्षक, लेखक, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि देश, नंतरची नावं व आवृत्त्या, कोणी प्रसिद्ध केलं, आणि सर्वांत महत्त्वाचे दोन रकाने : ‘मला हे पुस्तक कुठून कळलं’ आणि ‘त्या वाटेवर निवड कोणी केली’. शेवटच्या दोन रकान्यांमुळे महिन्याभराने तुम्हाला दिसतं की तुमची ऐंशी टक्के पुस्तकं एकाच वाटेने आली आहेत. मग दुसरी वाट धरायची. नवीन वाटेवरून सलग दहा-बारा पुस्तकं आली आणि सगळी आधीच यादीत होती, की थांबायला हरकत नाही. थांबलात ती तारीखही लिहा.

आरआरसीपुढे जाण्याआधी एक छोटा गृहपाठ करून बघा. तुमच्या प्रस्तावातल्या दहा पुस्तकांपुढे ‘कुठून कळलं’ हा रकाना भरा. दहापैकी आठपुढे एकच उत्तर आलं, तर सिनॉप्सिस टाइप करणं आठवडाभर पुढे ढकला आणि ग्रंथालयात जा.